धुरातला भोंडला

सिंगापूरला ऋतू नसतात, असं इथे येणारा प्रत्येक पाहुणा दोन दिवसांत जाहीर करून टाकतो. आम्हीही सुरुवातीला तसंच समजत होतो. बारा महिने तोच उकाडा, तोच दुपारचा सपाटून कोसळणारा पाऊस, आणि कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलेले स्वेटर कुणाला आठवतही नाहीत. पण दसऱ्याच्या आगेमागे एखाद्या सकाळी बाल्कनीचं दार सरकवावं, तर समोरचे टॉवर अर्धवट पुसल्यासारखे दिसतात आणि नाकात जळका वास शिरतो. समुद्रापलीकडे इंडोनेशियात रानं पेटलेली असतात. वारा तो धूर आमच्या दारात आणून टाकतो. इथे त्याला हेझ म्हणतात. मी त्याला ऋतूच म्हणते, कारण तो न बोलावता येतो, सगळ्यांची गैरसोय करतो आणि तरी दरवर्षी मी त्याची वाट बघते.

यंदाचा काल आला. चांगी बिझनेस पार्कातल्या आमच्या बँकेत सकाळपासून दुसरा विषय नव्हता. कुणाचा दमा उठला, कुणाच्या मुलांच्या शाळेतले खेळ रद्द झाले, कुणी तोंडाला मास्क बांधून स्प्रेडशीट भरत बसलं होतं. संध्याकाळी घरी आले तर लेकीनं सगळ्या खिडक्या घट्ट लावून ठेवलेल्या. मी स्वयंपाकघरातली एक खिडकी जराशी उघडली आणि छाती भरून श्वास घेतला.

“आई, व्हॉट आर यू डूइंग? क्लोज इट लाह! सो स्मेली!”

“थांब गं जरा,” मी म्हटलं आणि तशीच उभी राहिले. मला हा वास आवडतो हे मी ऑफिसात कधी बोलत नाही. लोक वेड्यात काढतील.

हा वास घ्यायला मला इशबेलनं शिकवलं. बुओना व्हिस्टाच्या आमच्या कॉन्डोत, आमच्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडे ती राहायची. साठीची, उंच, हाडापेरानं मजबूत, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. नवरा वन-नॉर्थमधल्या एका प्रयोगशाळेत संशोधक, दोन वर्षांच्या करारावर आलेला. दोन हजार सहा सालचा तो हेझ. त्याच्याइतका दाट धूर आम्ही तोवर पाहिला नव्हता. दूध आणायला म्हणून मी बाहेर पडले, तर ही बाई मजल्याच्या टोकाच्या उघड्या खिडकीत डोळे मिटून उभी. मला वाटलं, चक्कर आली.

“इशबेल, आत जा, खोकला होईल,” मी म्हटलं.

तिनं डोळे उघडले नाहीत. “मंजिरी, हे काय जळतंय सांग बघू.”

“जंगल. अजून काय?”

“झाडांचा वास असा नसतो. ही माती जळतेय. पीट. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात हा वास बारा महिने असायचा.”

पीट म्हणजे दलदलीत शेकडो वर्षं कुजून, दबून घट्ट झालेली काळी माती. कापून विटांसारखी वाळवली की लाकडासारखी जळते. इंडोनेशियातही रानांखाली तीच माती पेटते, हे मला नंतर वर्तमानपत्रात वाचून कळलं. इशबेलला ते नाकानं कळलं होतं. त्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली, मी चहा टाकला, आणि तिनं मला तिचं गाव दाखवायला सुरुवात केली.

गाव स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावरचं. त्याचं नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून आमच्या घरात ते ‘इशबेलचं गाव’ एवढंच राहिलं. झाड म्हणून नाही. वारा टिकू देत नाही. वसंतात सगळं गाव फावडी घेऊन दलदलीवर जायचं आणि वर्षाचं पीट कापायचं. मग प्रत्येक घरामागे त्याची रास रचायची, आपल्याकडे गोवऱ्यांचा हुडवा रचतात तशी, आणि कुणाची रास देखणी यावर वर्षभर टोमणे चालायचे. समुद्र वादळानंतर शेवाळ आणून टाकायचा. ते गाड्यांनी वाहून बटाट्याच्या वाफ्यांत घालायचं. हेरिंग मासळीचा हंगाम आला की गावातल्या तरुण पोरी होड्यांच्या मागोमाग बंदरं फिरत मासळी चिरायला आणि खारवायला जायच्या. मीठ आणि सुरी यांपासून वाचावं म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. इशबेलची आई त्यांतली. “तिची बोटं बघून कुणीही ओळखायचं की ही आमच्या गावची,” इशबेल म्हणाली. हे सांगताना तिची मान जरा ताठ झाली होती.

आणि उरलेलं सगळं वर्ष, कापड. घराघराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये पायानं चालवायचा माग, मेंढ्या दाराशी. लोकर रंगवायची तीही गावातल्याच वस्तूंनी. तांबूस तपकिरी रंग कशाचा, तर खडकावरून खरवडून काढलेल्या एका बुरशीसारख्या वनस्पतीचा. ती तिचं वर्णन करायला लागली, राखाडी, कुरळी, कागदासारखी, आणि मी उठून गोड्या मसाल्याच्या सामानाचा डबा काढला. दगडफूल तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते हुंगलं, चोळलं, उजेडात धरलं.

“तुम्ही हे खाता?”

“तुम्ही हे अंगावर घालता?”

आम्ही दोघी इतक्या हसलो की लेक खोलीतून बाहेर आली. तिच्या खडकावरचं आणि माझ्या डब्यातलं अगदी एकच नसेल, पण भाऊबंद नक्की.

माझ्याकडेही सांगण्यासारखं होतं आणि मी काही गप्प बसणारी नाही. मी इचलकरंजीची. आमच्या गल्लीत रात्र आणि दिवस यांतला फरक उजेडावरून कळायचा, आवाजावरून नाही. खटखट, खटखट, घराघरातून यंत्रमाग. पाहुण्यांना झोप लागायची नाही आणि आम्हाला वीज गेली की जाग यायची. वडिलांचे चार माग. आडवा धागा ओढत पळणारा धोटा कसा अडकतो, उभ्या धाग्यांचा ताणा कुठे तुटला, हे ते शेडमध्ये न जाता जेवणाच्या ताटावरून ऐकून ओळखायचे. मी सुताच्या कांड्या भरत अभ्यास केला आणि अकाउंट्स शिकून इथवर आले. इशबेलला हे सांगितलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला तो माझ्या नोकरीबद्दल नव्हे. “धोटा लाकडी होता का?” असं तिनं विचारलं. इतक्या वर्षांत सिंगापुरात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

वडिलांचे ते माग पुढे भंगारात गेले. वजनावर. मी तेव्हा इथेच होते. फोनवर ते एवढंच म्हणाले, “नेले आज,” आणि मग पावसापाण्याचं बोलत राहिले.

इशबेलचा मोठा भाऊ डोनल्ड त्याच बेटावर, त्याच घरात राहत होता. एकटा, आणि नुकतंच हृदयाचं मोठं आजारपण काढलेला. गावातला शेवटचा चालता माग त्याचा. बाकीच्या शेडमध्ये आता सायकली आणि मोडके फ्रिज होते. तरुण माणसं तेलाच्या विहिरींवर आणि शहरांत गेलेली. त्यानं बहिणीला कळवलं होतं की हे एक कापड विणतो आणि थांबतो. नंतर माग भंगारवाल्याला द्यायचा, बोलणं झालं आहे.

त्या सप्टेंबरात ते कापड सिंगापुरात येऊन पोचलं. खाली गेटवरच्या सिक्युरिटी अंकलनी इंटरकॉमवर तक्रार केली, “मॅडम, युवर पार्सल व्हेरी स्ट्राँग स्मेल लाह. समथिंग डाय इनसाइड, इझ इट?” काही मेलं नव्हतं. मेंढीच्या अंगचं तेल होतं ते. इशबेलनं ते माझ्या जेवणाच्या टेबलावर उलगडलं तेव्हा मी पहिल्यांदा हात मागे घेतला आणि लगेच पुढे केला. वीण सुंदर होती. खडकाच्या रंगाची, मध्येच एखादा निळा धागा, वाकून बघितल्याशिवाय दिसणार नाही असा. पण कापड नव्हतं अजून ते. तेलकट, विरळ, गोणपाटासारखं.

लोकरीचं कापड मागावरून उतरलं की अर्धंच काम होतं, हे मला सुती गावातल्या बाईला ठाऊक नव्हतं. ते भिजवायचं, दोन्ही टोकं शिवून त्याचा मोठा फेर करायचा आणि लांब टेबलाभोवती बसून बायकांनी ते तासन् तास कुटायचं. आपल्यापुढचा भाग आपटायचा, दाबायचा, डावीकडच्या बाईकडे सरकवायचा. लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतत जातात, कापड आटतं, घट्ट होतं, आणि मग त्यातून समुद्रावरचा वाराही आत शिरत नाही. जास्त कुटलं तर पुठ्ठा. एकीकडे जास्त आणि एकीकडे कमी झालं तर वेडंवाकडं, आणि ते पुन्हा सरळ होत नाही. हल्ली हे काम गिरणीत होतं. डोनल्डनं गिरणीला साफ नकार दिला. शेवटचं कापड आईच्या पद्धतीनं व्हायला हवं. गावात ते जाणणाऱ्या दोनच म्हाताऱ्या उरलेल्या, दोघींचे खांदे गेलेले. म्हणून त्यानं ते पृथ्वीच्या अर्ध्या वळशावर असलेल्या बहिणीकडे पाठवून दिलं.

“पुरुषानं विणायचं आणि बायकांनी त्याचं कापड करायचं,” इशबेल म्हणाली. “बायकांचे हात लागले नाहीत तर डोनल्डच्या लेखी ती नुसती लोकर आहे. त्याचं शेवटचं काम लोकर म्हणून राहायला नको, मंजिरी.” पुढच्या आठवड्यात ती गावी जाणार होती. भावाची तब्येत बघता पुन्हा कधी असं होईल याची खात्री नव्हती. तिनं कॉन्डोची फंक्शन रूम शनिवारी दुपारसाठी घेऊन ठेवली आणि तिच्या ओळखीच्या गोऱ्या बायकांच्या मंडळाला मदतीला बोलावलं.

योगायोग असा की त्याच शनिवारी आमचा भोंडला होता. आम्ही दरवर्षी तो खाली पोहण्याच्या तलावाशेजारी हिरवळीवर करायचो. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, शेवटी झाकलेल्या डब्यांतली खिरापत ओळखायची. मुली आणि आया सगळ्या हौशी. पुण्याच्या शुभदाताई आमच्या सूत्रधार. पंधरा वर्षं सिंगापुरात, नागरिकत्व घेतलेलं, पण भोंडल्याच्या बाबतीत अजून सदाशिव पेठ सोडलेली नाही. त्या शनिवारी धूर इतका खाली उतरला की हिरवळीवरून तलावाची दुसरी बाजू दिसेना. आम्ही भोंडला मोडला नाही. हत्तीचं चित्र, डबे आणि पोरीबाळी घेऊन, इशबेलकडे कोपऱ्यात जागा मागू म्हणून, फंक्शन रूमकडे वळलो. वाटेत मी सगळ्यांना तिच्या कापडाची हकीकत सांगितली. धुराला घाबरून हत्तीला वर्षभर थांबवायचं की काय?

दार ढकललं तर आत इशबेल एकटी. लांब टेबल, त्यावर ओलं कापड, खाली साबणाच्या पाण्याची बादली, भोवती रिकाम्या खुर्च्या. तिच्या मैत्रिणींनी एकेक करून फोन केले होते: घराबाहेर पडू नका असा सल्ला आहे, पुढच्या शनिवारी बघू. पुढच्या शनिवारी इशबेल इथे नसणार होती. आणि कापड सकाळपासून भिजत होतं. आमच्या हवेत भिजलेली लोकर ठेवली तर उबते, डाग धरते. ती कापडावर दोन्ही हात पालथे ठेवून बसली होती. रडत नव्हती. तिच्या जागी मी असते तर रडले असते.

मी शुभदाताईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कापडाकडे बघत होत्या.

“हे कुटायचंय ना?” त्या म्हणाल्या. “मग बसा की गं सगळ्या. उभ्या काय राहिलात?”

बांगड्या उतरल्या, पदर खोचले गेले, जीन्सवाल्यांनी बाह्या सरकवल्या. हत्तीचं चित्र टेबलाच्या मधोमध ठेवलं. इशबेलनं रीत समजावली. कापड फिरवायचं ते सूर्याच्या दिशेनं, उलटं कधीच नाही. म्हटलं, हे आम्हाला सांगू नकोस, आम्ही प्रदक्षिणेच्या गावच्या आहोत. मग तिनं सांगितलं की हातांची लय राखायला गाणं हवंच, नाहीतर कुणाचा हात जड पडतो, कुणाचा हलका, आणि कापड बिघडतं. “आणि एका कापडावर एक गाणं एकदाच. दुसऱ्यांदा गायलं तर ते घालणाऱ्याला लाभत नाही.” हे ती अगदी हळू म्हणाली. ते डोनल्डच घालणार होता, हे मला ठाऊक होतं.

पूर्वी साबणाऐवजी काय वापरायचे, असं वंदनानं विचारलं. वंदना नागपूरची, वन-नॉर्थमध्ये सॉफ्टवेअरची मॅनेजर, नुकतीच एम्प्लॉयमेंट पासवर आलेली. इशबेलनं सरळ सांगून टाकलं: मूत्र, साठवून शिळं केलेलं.

“गाईचं?” शुभदाताईंनी आशेनं विचारलं.

“नाही. गावाचं.”

टेबलावरचे सगळे हात मागे सरले. मग मी म्हटलं की घरात गोमूत्र शिंपडून बसलेल्या बायकांनी नाक मुरडण्यात अर्थ नाही, आणि हसण्याचा जो फुगा फुटला त्यातच पहिली थाप पडली.

पहिली गाणी इशबेलची. तिची भाषा आम्हाला एका शब्दानं कळत नव्हती, पण घाट ओळखीचा होता. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुवपद उचलायचं, ओळीत एक तपशील बदलायचा आणि पुन्हा तेच. आम्ही दुसऱ्या गाण्यापासून ध्रुवपदं उचलायला लागलो. धप, धप, धप. टेबल हलत होतं, हत्ती थरथरत होता, लोकरीचा, साबणाचा आणि बाहेरून झिरपणाऱ्या धुराचा वास एकत्र झाला होता. “आमच्या घरात अगदी असाच वास,” इशबेल गाण्याच्या मध्येच म्हणाली.

आणि मग ती थांबली. मधल्या बोटानं तिनं कापडाची रुंदी मोजली. त्यांच्याकडे ते असंच मोजतात. अजून बरंच आटायचं होतं.

“माझी गाणी संपली,” ती म्हणाली. “आईला पन्नास यायची. मी लक्ष दिलं नाही तेव्हा.”

एवढंच? मला तर हसूच आलं. गाणी संपली म्हणून अडायला ही कुठल्या बायकांमध्ये बसली होती? शुभदाताईंनी घसा खाकरला, आणि भोंडला सुरू झाला. मी आयुष्यात पुष्कळ भोंडले केले, पण असा नाही. एरवी हत्ती मध्ये आणि बायका भोवती फिरतात. इथे बायका बसलेल्या आणि कापडच फेर धरून फिरत होतं. सासर आलं, माहेर आलं, रुसवे आले, खाष्ट सासवा आल्या, आणि प्रत्येक सासूच्या नावानं थाप जरा जास्त जोरात पडली. इशबेल ध्रुवपदं उचलत होती, वेडेवाकडे उच्चार करत, पण लयीत चोख. हातांखाली कापड बदलत होतं. आधी ओलं पोतं होतं, आता त्याला अंग आलं होतं.

सगळं इतकं छान चाललं असताना वंदनानं तिचं गाणं सुरू केलं. माहेरी निघालेल्या सुनेचं, लांबलचक. दोन ओळी झाल्या आणि शुभदाताईंचा हात हवेतच थांबला.

“अगं, हे झालंय! मघाशी मीच म्हटलं!”

थापा थांबल्या. इशबेलनं वर बघितलं. काय झालं ते मी तिला सांगितलं आणि तिचा चेहरा उतरला.

“काय बोलून राहिल्या तुम्ही ताई!” वंदना उसळली. “हे आमचं भुलाबाईचं गाणं आहे. तुमचं वेगळं. आमच्यात सून शेवटी माहेरी जातच नाही!”

“चाल बदलली आणि शेवट बदलला म्हणून काय गाणं बदलतं? मूळ गाणं आमच्याकडचंच आहे.”

“मूळ? तुमच्या हत्तीच्या आधीपासून आमच्याकडे भुलाबाई बसून राहिली!”

कोल्हापूरकडच्या एकीनं, आमच्यात त्याला हादगा म्हणतात आणि हे गाणं आमचंच, असं बारीक आवाजात सांगून पाहिलं. दोघींनी तिला गप्प केलं. मराठी बायकांच्या भोंडल्यात हे भांडण दरवर्षी होतं आणि खिरापत आली की मिटतं. पण त्या दिवशी टेबलावर एका आजारी माणसाचं शेवटचं कापड होतं, आणि ते गाणं एकच असलं तर दोन ओळी दुसऱ्यांदा गायल्या गेल्या होत्या. हे ध्यानात आलं तसे दोघींनीही कापडावरचे हात उचलले. शुभदाताई मला म्हणाल्या, “विचार तिला, आता काय करायचं?” त्यांचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला होता.

इशबेलनं वंदनाला विचारलं, “तुला हे कुणी शिकवलं?”

“आईनं. काटोलला.”

“आणि तुला?”

“आत्यानं. साताऱ्यात,” शुभदाताई म्हणाल्या.

इशबेल थोडा वेळ कापडावरून हात फिरवत राहिली. “आई असती तर कापड इथेच सोडून उठली असती,” ती म्हणाली. “शंका आली की ती उठायचीच. पण आज टेबलाच्या टोकाला मी बसले आहे, आणि माझं मत असं की एका गाण्यासाठी दोन बायका इतक्या भांडत असतील, तर ती दोन गाणी आहेत. गा, वंदना. पूर्ण गा.”

वंदना गायली. काय गायली! सगळा राग तिनं गाण्यात आणि हातांत ओतला. शुभदाताईंनी ध्रुवपद उचललं, भुलाबाईचं, काटोलच्या चालीवर, आणि इतक्या जोरात की तिथे आलेल्या पोरी टाळ्या पिटायला लागल्या. सून माहेरी गेली नाही. गाणं संपलं तेव्हा इशबेलनं मधलं बोट कापडावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं, या काठापासून त्या काठापर्यंत. मग बोट तसंच ठेवून ती बसून राहिली आणि आम्हाला कळलं की झालं.

कापड हातात घेतलं तर ओळखू येईना. दाट, मऊ, जड, आणि तरी लवचिक. तो निळा धागा आता आत रुतून बसला होता. अभिमान वाटला हे सरळ सांगते. हापिसात आम्ही दिवसभर राबतो आणि संध्याकाळी हातात धरून दाखवावं असं काही नसतं. आमच्यात बँकवाल्या होत्या, इंजिनियर होत्या, एक दातांची डॉक्टर होती. त्या दुपारी सगळ्यांच्या हातांच्या कडा लाल झाल्या होत्या आणि जी ती आपला हात दुसरीला दाखवत होती. खिरापतीला साबुदाण्याची खिचडी होती. तिचा वास झाकणाबाहेर दरवळत होता तरी इशबेलला ओळखता आली नाही, म्हणून तिला दोनदा वाढली.

गावांचे धंदे जातात. इशबेलच्या गावचे गेले, माझ्या वडिलांचे माग गेले. त्यावर सुस्कारे टाकणारे लोक मी पुष्कळ बघितलेत आणि त्यांचा मला कंटाळा येतो. धंदा जातो तेव्हा त्याच्याबरोबर एक ऐट जाते, कुणाची रास देखणी, कुणाचा कान तयार, कुणाला किती गाणी येतात याची. मला चुटपुट लागते ती त्या ऐटीची. आणि त्या दुपारी विषुववृत्ताशेजारच्या एका वातानुकूलित खोलीत ती पुरेपूर नांदत होती, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

इशबेल गावी गेली, नवराही सोबत. दोन आठवडे काही कळलं नाही. धूर निवळला, दिवाळीच्या फराळाची घाई सुरू झाली, आणि मी रोज तिच्या बंद दाराकडे बघत लिफ्टनं खाली जात होते. डोनल्ड कसा असेल, त्याला ते कापड बघायला तरी मिळालं का, हे विचारायला माझ्याकडे नंबर नव्हता.

मग एका दुपारी ऑफिसात मोबाइल वाजला. मी मीटिंग सोडून पॅसेजमध्ये धावले. पलीकडून वाऱ्याचा घोंघाट येत होता आणि त्यातून इशबेलचा आवाज.

“तो बरा आहे,” ती सगळ्यात आधी म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. डोनल्डनं कापड टेबलावर पसरलं, चष्मा लावून दोन्ही काठांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, ही आपल्या बायकांची थाप नाही. या बायका जास्त तापट आहेत. पण कापड आहे हे. उत्तम कापड आहे. मग त्यानं विचारलं की त्या कोण आहेत आणि कुठल्या गावच्या, आणि इशबेलनं त्याला भांडणासकट सगळं सांगितलं. तो खोकला लागेपर्यंत हसला.

“आणि माग?” मी विचारलं. “नेला?”

“भंगारवाला आला होता सकाळी. डोनल्डनं त्याला चहा पाजून परत पाठवला. आता शेडमध्ये आहे, नवा ताणा लावतोय. मी नको म्हणतेय, डॉक्टर नको म्हणतायत, ऐकत नाही. तुला फोन त्यानंच करायला लावला. तो विचारतोय, त्या बायकांकडे अजून गाणी उरली आहेत का?”

हे उत्तर रडक्या आवाजात देण्यासारखं नव्हतं. मी पॅसेजमध्ये उभी राहून इतक्या मोठ्यानं बोलले की काचेपलीकडची अख्खी मीटिंग माझ्याकडे वळून बघायला लागली.

“त्याला म्हणावं, खुशाल विण. आमचा विदर्भ तर आत्ता कुठे सुरू झालाय, आणि खानदेश अख्खा बाकी आहे.”